पत्र्याचा फौजदार

हॅलो? … हॅलो, गुरुनाथ? … अरे मी काशिनाथ! … काशिनाथ! ऑकलंडहून! … हो, हो, आहे जिवंत. ओरडू नकोस, मला इथं स्वच्छ ऐकू येतंय.

चहा घेतोयस? घे, घे. तुझी सकाळ, आमची दुपार कलली. … शिरीष कामावर गेलाय, ईस्ट टामाकीला, फॅक्टरीत. सूनबाई, सुरुची, शहरात, ती सहाच्या पुढं येते. घरात मी नि मंदाकिनी, दोघं म्हातारे, आणि इरा. … हो, नात. नऊ पूर्ण झाली.

मी हळू बोलतोय ना? … त्याला कारण आहे. घरात झडती चालू आहे.

… झडती रे, झडती! छापा! … कोण म्हणजे? इरा घेतेय. … आणि माल मी लपवलाय.

… हसू नकोस. अरे ऐक ना आधी!

तिला एका सिनेमाचं वेड लागलंय. सायन्सचा, मारामारीचा. … नाही, नाही, नट कसला? पोलीसच आहे, पण अर्धा माणूस नि अर्धं यंत्र. पत्र्याचा पोलीस. … कसा म्हणजे? कुठल्या तरी स्फोटात निम्मा मेला, मग डॉक्टरांनी नि इंजिनियरांनी मिळून उरलेला निम्मा लोखंडाचा केला. डोळ्यातून उजेड मारतो. भिंतीपलीकडचा चोर त्याला अलीकडून दिसतो. … हो ना! अशानं तपास कसला करायचा? त्यात अक्कल कुठं लागते?

रोज बघते. शाळेतून आली की डीव्हीडी लावते. रक्तबिक्त आलं की सुरुची रिमोटनं पुढं पळवते, पण पुन्हा तेच. चालतेसुद्धा तसंच, गुडघे न वाकवता. आत्ता बघायला हवं होतंस तू. सायकलचं हेल्मेट, पुठ्ठ्याची छाती, वर चपात्या गुंडाळायचा चंदेरी कागद. मंदाकिनीचा अख्खा रोल संपवला. खाली मात्र जँडल्स! … स्लिपरा रे. इथं स्लिपरांना जँडल्स म्हणतात.

… कौतुक? कसलं कौतुक! जळतोय मी, गुरुनाथ. खरं सांगतो, अगदी आतून जळतोय. शिपाई म्हणून भरती झालो नि फौजदार होऊन बाहेर पडलो, आणि सख्खी नात त्या डब्याला सॅल्यूट ठोकते. मला विचारते, आबा, तुम्ही किती जणांना शूट केलंत? … काय सांगणार? खरं तेच सांगितलं. एकालाही नाही. … “ओह,” म्हणाली. एवढंच. ते “ओह” माझ्या जिव्हारी लागलंय बघ.

त्याला म्हणावं, गणपतीच्या बंदोबस्तात रात्रभर एका पायावर उभा राहा. मोर्चातले धोंडे खा. साहेबाच्या बायकोची भाजी आण. पत्रा आहे म्हणे! … नाही तर काय. त्याची बदली होत नाही, पाय सुजत नाहीत, शिवाय…

थांब. … ती बाथरूममध्ये गेलीय. वॉशिंग मशीन उघडतेय. … अहं. तिथं काही नाही.

हां, मुद्द्याचं राहिलंच. उद्या शाळेत तिला वर्गापुढं बोलायचंय. ‘माझा हीरो’ म्हणून. घरातनं एखादी वस्तू न्यायची, नाहीतर माणूसच न्यायचा. … हो, माणूस चालतो! आजी-आजोबाही चालतात, चिठ्ठीत तसं लिहिलं होतं. मला वाटलं, आला आपला नंबर. ती माझी पितळी शिट्टी आहे ना? … तीच, सांगली स्टेशनची. बॅगेत होती. चिंच लावून घासली, दोरी बदलली, दिली तिच्या हातात.

… काही नाही. “थँक यू, आबा” म्हणाली नि फळांच्या भांड्यात ठेवली. केळ्यांवर. आणि सुरुचीला सांगितलं, मी डीव्हीडी नेणार.

मग काय करू? सांग ना, तू काय केलं असतंस? पुढच्या आठवड्यात आमचं परतीचं विमान. … म्हणून लपवली. सकाळी, ती शाळेत गेल्यावर. डीव्हीडीच नसली तर जाईल शिट्टी घेऊन, नाहीतर मला घेऊन. … हो, पोरकटपणा आहे. माहीत आहे मला.

… कुठं? … तांदळाच्या डब्यात.

… अरे, शिव्या काय देतोस! … हो, आपण पहिला तोच डबा उपडा करायचो, मान्य. पण ही इथं जन्मलेली पोर. तिला काय ठाऊक, आपल्या घरात वस्तू कुठं जातात?

नाही रे, ती कुठली ऐकायला! सांगितल्या ना, सगळ्या केसेस सांगितल्या. मिरजेचा छापासुद्धा सांगितला. … तोच, सोनाराच्या मेहुण्याचा! तू नि मी घरभर फिरतोय, बाई गप्प. देवघरापाशी गेलो की म्हणायची, साहेब, चहा टाकू का? लांब गेलो की चहा विसरायची. पुन्हा जवळ गेलो की पुन्हा चहा! … हां, देव हलवला नि खाली दागिने! … अगदी रंगवून सांगितलं रे. ही आपली कानात बोंडं घालून पाठमोरी. गाणी ऐकत. त्या पत्र्याच्या पोलिसानं नुसतं “हॉल्ट” म्हटलं तरी श्वास रोखून बघते.

… थांब, थांब. स्वयंपाकघरात आली.

इरा, काय शोधतेस गं? … मी? मी नाही पाहिली बाई. … गुरुनाथकाकांशी बोलतोय. … हो, किया ओरा म्हणतेय तुला. नमस्कार रे, इथला.

फ्रिज बघतेय. … बघू दे. … ओव्हन. … आता ओट्याखाली. … गुरुनाथ, तिकडंच चाललीय. … इरा! बाळा, मायलो करून देऊ? गरम दूध घालून?

नको म्हणाली. … सरकली, सरकली. खिडकीपाशी गेली. हुश्श. … तर काय सांगत होतो? गुडघ्याचं. थंडीनं फार… अरेच्चा, परत आली. डब्यापाशीच. … इरा! बिस्किटं देऊ का? आजीनं शंकरपाळे पण केलेत!

…

गुरुनाथ. … ती थांबलीय. डब्याकडं बघत नाहीये, माझ्याकडं बघतेय. … दोन पावलं मागं गेली. … आता पुढं आली. हसतेय. … मी काय बोललो रे आत्ता? … मायलो. शंकरपाळे. … अरे देवा!

… तू हस, हस तिकडं!

काय गं? … “आबा, यू ऑफर्ड मी टी”? … चहा कुठं बाळा, मायलो म्हटलं मी. … सेम थिंग?

… उघडला डबा. कोपरापर्यंत हात घातला. … सापडली.

… शिट्टी! ऐकलीस? अरे माझीच शिट्टी वाजवली! खिशात होती तिच्या!

… नाही रे, मी रडत नाहीये. … ऐकत होती, गुरुनाथ. बोंडांमधून सगळं ऐकत होती. बाईचा चहा, देवघर, सगळं.

काय म्हणतेस, इरा? … उद्या? शाळेत? मला? … आणि तुझा हीरो? … अगं पण… हं. … हं. … बरं.

गुरुनाथ, उद्या मला नेतेय. … छे, छे, हीरो कसला! चोर म्हणून! आजोबानं डीव्हीडी कशी चोरली आणि मिरजेची युक्ती वापरून तिनं त्याला कसा पकडला, हे सांगणार आहे वर्गात. … युनिफॉर्म? विचारलं. चोराला युनिफॉर्म नसतो म्हणाली.

… तो पत्र्याचा? त्याची डीव्हीडी पिशवीत घातली बघ. मुद्देमाल! … तो जाणार पिशवीतनं, आणि मी जाणार तिचा हात धरून.

हो, हो… आलो साहेब, आलो. … ठेवतो, गुरुनाथ. आजीची केसांची रबरं आणलीत हातकडीला, दोन्ही हात पुढं करा म्हणतेय.