गाईच्या कानात सांगितलेलं नाव

समारंभाच्या अध्यक्षा डॉ. सुजाताताई, व्यासपीठावरचे आपले ज्येष्ठ सदस्य यादवराव, ज्यांना निरोप द्यायला आज आपण माउंट रॉस्किलच्या या सभागृहात जमलो त्या आनीआजी, आणि बंधुभगिनींनो. मागच्या रांगेतल्या गप्पांनाही माझा नमस्कार. त्या आता थांबल्या तर बरं होईल.

आनीआजी पुढच्या आठवड्यात हिल्सबरोचं घर सोडून नेल्सनला मुलाकडे राहायला जात आहेत. तुमच्यापैकी किती जणांच्या आयांना त्यांनी एकटीने बसने जायला शिकवलं? हात वर करा. बघा! नातवंडं सांभाळायला इथे न्यूझीलंडला आलेल्या आणि दाराबाहेर पाऊल टाकायला घाबरणाऱ्या आम्ही बायका, दर मंगळवारी आजींच्या स्वयंपाकघरात बसून इंग्रजी बोलायला शिकलो. मी पुण्यात बी.ए.ला इंग्रजीच घेतलं होतं, तरी कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध हवं असलं की मी नुसतं बोट दाखवायची. आजी म्हणाल्या, "तुझं व्याकरण उत्तम आहे. आता थोडं चुकायला शीक."

आजी कोण, कुठल्या, हे मात्र आम्ही कधी विचारलं नव्हतं. डच आहेत, एवढं माहीत होतं. बाकीचं कळलं ते गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. आमच्या हळदीकुंकवात सवाष्ण-विधवा हा भेद चालत नाही, तो मी पहिल्याच वर्षी बंद केला. त्यामुळे आजीही होत्या. सगळ्यांचे उखाणे झाले आणि विभावरी ओरडली, "आता आजी! आजी, नाव घ्या!" मग सगळ्याच जणी सुरू झाल्या, "नाव घ्या, नाव घ्या!" केतकीने त्यांना इंग्रजीत समजावलं, की आमच्यात नवऱ्याचं नाव एरवी घेत नसत, पण अशा वेळी चारचौघींत मानाने घेतात.

आजींनी विचारलं, "नवऱ्याचंच घ्यायला हवं?"

"छे हो आजी, स्वीट अ‍ॅज! काही हरकत नाही, तुमच्या माणसाचं कुणाचंही घ्या," केतकी म्हणाली.

आजी उभ्या राहिल्या. खुर्चीची पाठ घट्ट धरली. मान खाली घातली. विभावरी म्हणाली, "लाजल्या!" मी तिला गप्प केलं. कारण ती लाज नव्हती.

पुढचं मी त्यांना विचारूनच सांगते आहे.

आनीआजी ज्यू आहेत. जर्मनांनी हॉलंड घेतलं तेव्हा त्या लहान होत्या. तिथल्या ज्यूंना पकडून नेऊ लागले, तेव्हा आईने त्यांना उत्तरेकडच्या एका शेतकरणीच्या हवाली केलं आणि ती परत गेली. या शेतकरणीला आजी फेमकेमावशी म्हणतात. मावशीने मुलीचं नाव बदलून आनी ठेवलं. गावात सांगितलं, भाची आहे, रॉटरडॅमच्या बॉम्बहल्ल्यात घर जळलं, आईही गेली. आईचं नाव कुणी विचारलं तर काय खोटं नाव सांगायचं, तेही पढवून ठेवलं.

आणि एक दिवस पोलीस आला. गोठा पाहिला, माळा पाहिला, मग पोरीपुढे उकिडवा बसला. "तुझ्या आईचं नाव काय ग?"

खोटं नाव पाठ होतं. पण दुसऱ्याच बाईला आई म्हणायला त्या मुलीची जीभ वळेना. खरं सांगावं तर सगळेच मेले. ती नुसती उभी राहिली.

फेमकेमावशी त्या पोलिसावर कडाडली, "पोरीची आई जळून गेली, आणि तिला तेच विचारता? लाज नाही वाटत? आणि तू ग, नाक पूस आधी!"

पोलीस वरमला. जाताना लोणी तेवढं घेऊन गेला.

मावशीने मुलीला मारलं नाही, कुरवाळलंही नाही. गोठ्यात नेलं आणि म्हणाली, "खोटं नाव तुला घेववत नाही. खरं घेता येत नाही. असंच राहिलं तर विसरशील. तेव्हा रोज मी धार काढताना हिच्या कानात सांगायचं. गाय कुणाला सांगत नाही."

युद्ध संपेपर्यंत रोज त्या मुलीने आपल्या आईचं नाव गाईच्या कानात सांगितलं. माझ्या नातीने, स्वानंदीने, हे ऐकून विचारलं, "वॉज द काऊ नाइस?" आजी म्हणाल्या, "तिला हीप्स, म्हणजे ढीगभर, धीर होता."

युद्ध संपलं. मावशी अंगणात उभी राहून म्हणाली, "आता ओरडून सांग." पण आवाज निघेना. आई परत आली नाही. पुढे मावशीचं कुटुंब बोटीने न्यूझीलंडला आलं, सोबत आनीही आली. लग्न झालं, मुलगा झाला, ऐंशी वर्षं झाली. ते नाव मोठ्याने मात्र कधी घेतलं गेलं नाही. त्यानंतर कुणी घ्या म्हटलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी, हातात तिळगूळ घेतलेल्या आम्हा बायकांसमोर, आजींनी नाव घेतलं. यमक नाही, काही नाही. "हेस्तर. हेस्तर पोलाक." आणि सवयीप्रमाणे आम्ही टाळ्या वाजवल्या. नंतर मला वाटलं, टाळ्या कसल्या वाजवल्या? आजींना विचारलं. म्हणाल्या, "बरोबर केलंत. तिच्यासाठी कुणी वाजवल्या नव्हत्या."

वेळ संपत आली, असं यादवराव खुणावत आहेत. मंडळाने मला बोलायची संधी दिली, सभागृह लावायला विवेक आणि श्याम सकाळपासून राबले, त्यांचे आभार. बोलण्यात कुठे कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. एका चुकीची मात्र माफी मागत नाही. आनीआजी, केतकी तुमच्या कानात हे सगळं इंग्रजीत सांगते आहे. तुमच्या आईचं नाव माझ्या मराठी जिभेने वेडंवाकडं घेतलं असेल. तसं असेल तर बसल्या जागेवरून दुरुस्त करा. मोठ्याने करा, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाऊ द्या.