बाईंच्या वहीतले बारा पासवर्ड

शालनबाई : नाव सांग, कृतिका. मी दुसरं काही मागत नाही.

कृतिका : नाही सांगणार, बाई. तक्रारीचा मेल कोणी पाठवला ते फक्त सेक्रेटरीला, म्हणजे मला, कळतं. सोसायटीचा नियमच आहे.

शालनबाई : नियम! नऊ वर्षं त्या हॉलमध्ये मुलांना फुकट कॉम्प्युटर शिकवला. एका निनावी मेलवर कमिटीनं वर्ग बंद केला. समोर येऊन बोलायची हिंमत नाही, त्याला कसलं संरक्षण?

कृतिका : हिंमत नाही म्हणूनच नाव लपवलं ना.

शालनबाई : ठीक आहे. 'बाई आमचे मेल वाचतात' असं वर्गातल्या मुलाशिवाय कोण लिहिणार? बारा मुलं, बारा पासवर्ड. सगळे या वहीत आहेत. एकेकाचे पाठवलेले मेल उघडते. सापडलं की आईबापांसमोर उभं करते.

कृतिका : उघडा.

(बाई टॅबवर एक पासवर्ड टाकतात. मग दुसरा. मग तिसरा.)

शालनबाई : चुकीचा म्हणतोय. ऐश्वर्याचाही? विनीतचाही?

कृतिका : बाराही. काल संध्याकाळी सगळ्यांना बागेत बसवलं आणि बदलायला लावले. मी त्यांच्याकडे पाठ फिरवून बसलेले. मला पण नकोत.

शालनबाई : माझ्या मुलांना माझ्याविरुद्ध शिकवतेस?

कृतिका : पासवर्ड त्यांचेच होते, बाई.

शालनबाई : मुलं विसरतात म्हणून लिहून घेत होते. आणि वाचत होते ते शुद्धलेखनासाठी.

कृतिका : सान्वीनं आजीला लिहिलेलं, अजून अंथरूण ओलं होतं म्हणून. ते पण शुद्धलेखन? फळ्यावर घेतलंत तुम्ही ते वाक्य.

शालनबाई : तिचं नाव नव्हतं घेतलं.

कृतिका : बारा पोरांत? लगेच कळलं सगळ्यांना.

शालनबाई : तुला इतका राग का गं? तुझं मूल तर नाही या वर्गात.

कृतिका : मी होते ना शाळेत तुमच्या वर्गात. आठवी ब. बाबांना लिहिलेलं पत्र निबंधाच्या वहीत राहिलेलं. तुम्ही वह्या तपासायला घेतल्यात, आणि घरगुती पत्राचा नमुना म्हणून मोठ्यानं वाचलंत. 'बाबा, विठ्ठलवाडीच्या त्या बाईंकडून तुम्ही घरी कधी येणार?' दहावीपर्यंत पोरं मला विठ्ठलवाडी म्हणायची.

शालनबाई : ते पत्र फार सुंदर होतं.

कृतिका : माहितेय. दोनदा वाचलंत.

शालनबाई : पंचवीस वर्षं झाली असतील त्याला.

कृतिका : सव्वीस.

शालनबाई : बरं. नाव नको सांगूस. तो मेल तरी पूर्ण वाच. माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला कळायला हवं.

कृतिका : राहू दे ना, बाई.

शालनबाई : वाच म्हणते ना.

कृतिका : 'बाई आमचे मेल वाचतात आणि सगळ्यांना सांगतात. मला खूप लाज वाटते. कोणीतरी बाईंना समजवा. पण क्लास बंद करू नका प्लीज. बाई छान शिकवतात.'

शालनबाई : बंद करू नका? मग कमिटीनं का...

कृतिका : मीटिंगमध्ये पहिली दोन वाक्यं वाचली मी. तिथेच थांबले.

शालनबाई : मुद्दाम?

कृतिका : हो.

शालनबाई : आणि मी वही घेऊन एका लहान मुलाच्या मागे लागले होते.

कृतिका : मला वाटलेलं, तुमचा वर्ग गेला की बरं वाटेल मला.

शालनबाई : वाटलं का?

कृतिका : दोन दिवस वाटलं.

शालनबाई : म्हणजे ते मूल आता समजत असेल, वर्ग आपल्यामुळे गेला.

कृतिका : काल सगळे निघाले तरी ते बागेतून उठेना. विचारत होतं, बाई परत कधी शिकवणारच नाहीत का?

शालनबाई : तू काय सांगितलंस?

कृतिका : 'उशीर झाला, घरी जा' म्हटलं, बाई.