बिनलायसनचा कार्यक्रम

इंग्लंडातल्या हल शहरात, बसथांब्यावर डोरीन मैत्रिणीला घरची हकिकत सांगत होती. शेजारी उभ्या अर्नेस्टनं ती ऐकण्यापायी आपली बस सोडली.

"टीव्ही देऊन टाकलात, मग घरोघरी टीव्हीचं लायसन तपासणारा कशाला आला गं?"

"आम्ही दोघं नवरा-बायको सोफ्यावर बसून एकटक बघत हसत होतो. त्याला बाहेरून वाटलं, टीव्हीच."

"अगं बाई! कोर्टात खेचणार?"

"तसंच म्हणाला. म्हटलं, आत ये, बाबा, आणि तूच बघ. मागच्या बागेत कोल्हीण पिल्लांना खेळवत होती."

"मग?"

"बसला की! चहा निवला, उजेड मावळला, तरी हलेना. शेवटी कागदावर लिहिलं, 'टीव्ही नाही.'"

"सुटलात!"

"सुटलो. पण जाताना दारात थबकून विचारतो कसा, 'हे उद्या किती वाजता असतं?'"