ऐकणाऱ्याचा अंगठा

मे महिन्यात गोंडपिपरीच्या एका वाचनालयात मी रांगेत उभा होतो. मुलांनी सुट्टीत दहा पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवायची, कार्डावर ऐकणाऱ्याची सही किंवा अंगठा आणायचा, की नवं पुस्तक बक्षीस. आज शेवटचा दिवस होता. माझ्यापुढे गिरजाबाई आणि तिची नात वच्छला. टेबलामागे ग्रंथपाल देवरावभाऊ.

“बाई, एवढा मोठा अंगठा कोनाचा?”

“खूर हाये, भाऊ. आमच्या म्हसीचा.”

“म्हसीचा काऊन?”

“पोरगी म्हसीमागं फिरता फिरता वाचते. दहाही गोष्टी म्हसीनंच ऐकल्या.”

“तुमचा अंगठा द्या न. मी चालवून घेतो.”

“मी एकबी गोष्ट ऐकली नाई. लबाडी कायले करू?”

“भाऊ, म्हैस मधातून उठून नाई जात,” वच्छला रडवेली झाली. “आजी तं झोपते.”

“बरं, रडू नको. ऐकणारीचं नाव?”

“चंद्री.”

“वय?”

“सात वर्षं.”

“सात? मंग तीबी बालविभागातच येते. वच्छले, हे घे तुह्यं बक्षीस. आन् हे कोरं कार्ड चंद्रीचं. पुढच्या उन्हाळ्यात तिनं वाचलं, तं अंगठा तू देजो.”