‘बाय मी’ का गाळायचं?

पॅसिव्ह व्हॉइसने माझ्या घरात काय गोंधळ घातला, ते तुम्हाला सांगितलंच नाही वाटतं. सिव्हिल लाइन्समध्ये मी बायकांसाठी बोलायच्या इंग्रजीचा वर्ग घेतो ना, त्यात माझी बायको सुनंदाही पहिल्या बाकावर बसते. एकदा मी फळ्यावर लिहिलं, ‘आय कुक द फूड.’ सुनंदाने त्याचं पॅसिव्ह चटकन केलं, “द फूड इज कुक्ड बाय मी.”

“शाबास,” मी म्हणालो. “पण रोजच्या बोलण्यात ते ‘बाय मी’ गाळतात. काम कोणी केलं ते सगळ्यांना ठाऊकच असतं.”

“म्हणजे पंचवीस वर्षं सैपाक मी करायचा आणि नाव माझंच गाळायचं?”

मागच्या बाकावरून मिश्रा भाभी म्हणाल्या, “सरजी, आपने तो भाभीजी को ही उड़ा दिया!” सगळा वर्ग हसला. सुनंदा मात्र हसली नाही. पुढचे दोन दिवस घरी वरणभात मिळाला, पण शब्द एकही नाही.

तिसऱ्या दिवशी मी शरण गेलो. वर्ग भरताच मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘द फूड इज कुक्ड बाय माय वाइफ.’ सुनंदा गालातल्या गालात हसली. मला वाटलं, सुटलो!

तेवढ्यात मिश्रा भाभींनी हात वर केला. “खाना भाभीजी बनाती हैं, समझ गए. फिर आप क्या करते हैं, सरजी?”

उत्तर सुनंदाने दिलं, तेही अगदी अचूक पॅसिव्हमध्ये.

“ही इज फेड. दोन्ही वेळ.”