दिगंबरांनी जोडलेला संगणक

मंडळी, चित्त इकडे द्या. आजचा प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र तितके साधे नाही. वस्तू आपल्या हातांनी घडवावी, की तयार विकत आणावी? — मागच्या रांगेतल्या माउली हसल्या. त्यांच्या मनात चकल्या आल्या असणार. बरे, चकलीच घ्या. घरची चकली फसली की आपण काय म्हणतो? भाजणी जाड दळली. सोऱ्या जुना. तेलच हलके. 'मी फसवली' असे म्हणणारे या मंडपात कोणी आहे? — पेटीवाले खाली पाहू लागले. राहू द्या. ऐका.

सोलापुरात दिगंबर हिप्परगी नावाचे गृहस्थ होते. वादात असे पटाईत, की कोणत्या रस्त्याने जावे यावरून रिक्षावाल्याशी वाद घालत, जिंकत, आणि मग उशिरा पोचत. त्यांची धाकटी बहीण यामिनी संगणकावर चादरींच्या नक्ष्या काढी. आजवर दुसऱ्यांच्या हाताखाली काढल्या. एके दिवशी एका कारखान्याचे मालक तिला म्हणाले, "बाई, शनिवारी दिवेलागणीच्या आत मोराची नक्षी पाठवा. पसंत पडली तर वर्षभराचं काम तुमचं. उशीर झाला तर दुसरं नाव आहे माझ्याकडे."

नक्षी अर्धी झाली, आणि यामिनीच्या जुन्या संगणकाने मान टाकली. अर्धी नक्षी पेनड्राइव्हवर होती, म्हणून वाचली.

"दादा, कोपऱ्यावर येमूलअण्णांकडे तयार मशीन आहे. स्वस्तातलं आहे, पण माझं भागेल. आणते."

"आणि आत काय भरलंय ते कोणाला विचारशील? तेवढ्याच पैशांत मी त्याच्याहून दुप्पट सरस जोडून देतो."

"पण शनिवार जवळ आलाय."

"शनिवारीच देतो. तुझा विश्वास कोणावर? माझ्यावर, की अण्णांवर?"

मंडळी, हा प्रश्न विचारला की समोरच्याचे तोंड बंद होते. आपण तो विचारतो, तो त्यासाठीच.

एवढ्यावर थांबले तर ते दिगंबर कसले? अण्णांच्या दुकानासमोर उभे राहून, गिऱ्हाइकांच्या देखत, आत काय भरलंय ते न विचारता तयार मशीन घेणाऱ्यांच्या अज्ञानावर त्यांनी छोटेसे व्याख्यान दिले. अण्णा शांतपणे म्हणाले, "जोडा की वो सर. सुरू झालं की आम्हालाबी दाखवा."

शनिवारी सकाळी गावातल्या बाजारातून सुटे भाग आले. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, आणि हे सगळे ज्यात बसते तो डबा. दिगंबरांनी पांढरा पंचा अंथरला, एकेक स्क्रू बशीत मांडला. पूजेची मांडणी एवढी नेटकी नसते. दुपारी जोडणी पुरी झाली. त्यांनी बटण दाबले. पंखा फिरला, दिवा लागला — आणि पडदा? काळा.

केबल बदलली. काळा. रॅम काढून पुसली, पुन्हा बसवली. काळा. सगळे उलगडले, पहिल्यापासून जोडले. पंखा फिरतो आहे, दिवा जळतो आहे, आणि पडदा काळाच. यामिनी पेनड्राइव्ह मुठीत धरून दाराशी उभी. खिडकीतले ऊन भिंतीवर चढू लागले होते.

"दादा, यात चित्र येतं तरी कुठून?"

दिगंबरांना हायसे वाटले. समजावणे म्हणजे त्यांचे घर. "सोपं आहे. बोर्ड फक्त वाट देतो. चित्र तयार होतं ते प्रोसेसरच्या आत..."

आणि ते थांबले.

काही प्रोसेसरांत चित्राची सोय आतच असते, काहींत नसते. त्यांना वेगळे कार्ड लावावे लागते. बिनसोयीचा स्वस्त पडतो, म्हणून त्याच पैशांत वेगवान मिळतो. दिगंबरांनी वेग पाहिला. बहिणीला चित्र काढायचे आहे, हे नाही पाहिले.

"काय झालं?" यामिनीने विचारले.

मंडळी, आता श्वास धरा. दिगंबरांच्या ओठांवर एक वाक्य तयार होते: बोर्ड खराब निघाला, बदलून आणतो. किती गुळगुळीत वाक्य. दोष बोर्ड बनवणाऱ्याचा, हात आपले स्वच्छ. बहीण विश्वास ठेवील, निमूट वाट पाहील. आणि गावात जाऊन येईपर्यंत दिवे लागतील.

त्यांनी तोंड उघडले. "बोर्ड..." म्हणाले. बहिणीकडे पाहिले. तिने मानसुद्धा हलवली होती, पटल्यासारखी. तेच त्यांना सोसवेना.

"बोर्ड ठीक आहे," ते म्हणाले. "मी चुकलो. याला चित्र दाखवताच येत नाही. घेताना मीच पाहिलं नाही."

यामिनी रडली नाही, ओरडली नाही. "चप्पल घाल," म्हणाली.

अण्णांच्या दुकानात तीच गर्दी, तेच चेहरे. दिगंबरांनी सगळ्यांच्या देखत विचारले, "अण्णा, चित्राचं कार्ड आहे?"

"मंगळवारी येतं. का वो, सुरू झालं नाही?"

"नाही. माझीच चूक. ते तयार मशीन द्या."

कोणीतरी हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी डब्याची बाजू खोलायला घेतली. "आधी आत काय भरलंय ते बघून घ्या. तुम्हाला विचारायचं होतं नव्हं?"

"झाका, अण्णा," दिगंबर म्हणाले. "पोरीला वेळ नाही."

स्कूटर यामिनीने चालवली. मागे डबा मांडीवर धरून बसले दिगंबर, आणि आयुष्यात प्रथमच, कोणत्या रस्त्याने जावे यावर बोलले नाहीत. घरी येताच यामिनीने पेनड्राइव्ह लावला आणि मान वर न करता उरलेली नक्षी पुरी केली. नक्षी गेली तेव्हा शेजारच्या तुळशीपाशी नुकती काडी ओढली जात होती. मालकांचा फोन आला: "मोराची मान जाड आहे, बारीक करा. सोमवारी पुढचं काम न्यायला या."

आता प्रश्नाकडे या. घडवावे की विकत आणावे? खुशाल घडवा, मी आडवा येणार नाही. पण ज्याच्यासाठी घडवता, त्याला काय हवे ते आधी विचारा. आणि फसलात, तर त्या माणसाला खोट्या आशेवर दाराशी उभे करू नका. तुम्ही तुमचा बोर्ड खराब ठरवलात, म्हणून आजही कोणीतरी कुठेतरी वाट पाहत उभे आहे. मी नाव विचारत नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे. आरतीचे ताट तुमच्यापर्यंत यायला थोडा अवकाश आहे. तेवढ्यात पहिले वाक्य काय बोलायचे, ते ठरवून ठेवा. आणि आरती घेतल्यावर इथे रेंगाळू नका. थेट त्या दाराशी जा.