अकरा रेघांचं अक्षर

मला जपानी वाचता येतं, असं कुणी म्हटलं की अजून मान खाली जाते रे! मालवणात होड्यांना नुकती इंजिनं लागत होती. शेजारच्या सहदेवकाकांनी जपानी इंजिन घेतलं. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळाच्या चावीच्या एका बाजूला एकच अक्षर होतं.

“चावी हंय फिरवली तर काय जाता रे?” त्यांनी मला विचारलं, कारण मी जहाजावरच्या नोकरीतून येताना जपानी शब्दकोश आणला होता.

उच्चार माहीत नसला, की रेघा मोजून शब्दकोशात अक्षर शोधायचं. माणसं जमलेली, म्हणून घाईत मी बारा मोजल्या, बारा रेघांच्या यादीत अगदी तसंच दिसणारं ‘उघडं’ या अर्थाचं अक्षर सापडलं आणि ऐटीत म्हणालो, “पाणी चालू!”

रेघा अकरा होत्या. अर्थ होता ‘बंद’.

भर समुद्रात इंजिन जळलं. काका वल्ही मारत परतले, तळहातांना फोड घेऊन. मी माफी मागायला गेलो, तर शांतपणे म्हणाले, “झिला, ठावक नाय म्हणान सांगूक लाज कसली?”